कॅमेरा नंतर, आधी आवाज: दुकानाच्या व्हिडिओवर पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे?

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा परवा फोन आला. कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करतात. म्हणाल्या, "सर, भिशी लागलीय. पन्नास हजार आहेत. व्हिडिओसाठी कॅमेरा कोणता घेऊ?"

मी म्हटलं, "ताई, कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी तुमचे शेवटचे पाच व्हिडिओ पाठवा."

बघितले. चित्र ठीक होतं, फोन चांगला आहे त्यांचा. पण मागे मिक्सर सुरू, डोक्यावर पंखा, आणि फोन चार हात लांब स्टुलावर. भाव सांगताना त्या म्हणतात, "अर्धा किलो साडेतीनशे." मला ऐकू आलं, "अर्धा किलो... तीनशे." 'साडे' मिक्सरने खाल्लं!

विचारलं तर कळलं, दोन गिऱ्हाइकांनी खरंच तीनशेच पाठवले होते. "व्हिडिओत तुम्हीच बोललात ना," म्हणाले. शब्द राखायला ताईंनी पन्नास-पन्नास रुपये सोडले. आता सांगा, पन्नास हजारांचा कॅमेरा घेतला असता तर हे 'साडे' परत आलं असतं का?

मीसुद्धा ही चूक केलीय. सुरुवातीला हप्त्यावर कॅमेरा घेतला. एका वर्कशॉपचं शूटिंग लावलं आणि दीड तास शिकवलं. घरी येऊन बघतो तर अर्ध्या तासाचंच रेकॉर्डिंग! फोटोचे बरेच कॅमेरे तेव्हा २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबायचे. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर वेगळं आयात शुल्क लागायचं, म्हणून कंपन्यांनी ती मर्यादा घातली होती. मला पत्ताच नव्हता. आणि जो अर्धा तास मिळाला त्यात माझ्यापेक्षा कूलर जास्त बोलत होता.

म्हणून आजचा धडा एकाच गोष्टीवर आहे, खर्चाचा क्रम. आधी आवाज, मग उजेड, मग स्टँड. कॅमेरा सगळ्यात शेवटी.

पायरी १: आवाज

माइक तोंडापासून जितका लांब, तितका आवाज कमी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती कमी होतो ते बघा. अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद साधारण चौथा हिस्सा उरते. एका वितीवर जो आवाज आहे, तो एका हातावर चौथाई होतो, दोन हातांवर सोळावा हिस्सा आणि चार हातांवर चौसष्टावा हिस्सा! पंख्याची घरघर मात्र खोलीभर तेवढीच असते. म्हणजे फोन लांब ठेवला की तुम्ही कमी होता, पंखा तेवढाच राहतो.

उपाय दोन आहेत.

फुकटचा उपाय: घरातला दुसरा फोन घ्या, त्यात व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा आणि तो चौकटीच्या बाहेर, तोंडाच्या जवळ ठेवा. दोन्ही फोन सुरू झाल्यावर एक टाळी वाजवा. एडिटिंग करताना दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज आणि ओठ जुळतात.

थोड्या खर्चाचा उपाय: कॉलरला लावायचा वायरचा माइक. हजार रुपयांच्या आसपास चांगला मिळतो. घेण्याआधी फोनचं भोक बघा. गोल पिनची जागा आहे की फक्त टाइप-सी? नाहीतर माइक घरी येतो आणि लागतच नाही. माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. साडी असेल तर पदर घासणार नाही अशा जागी. आणि बांगड्या थोडा वेळ काढून ठेवा, त्यांचा आवाज माइकला फार आवडतो!

शूटिंगच्या वेळी पंखा, मिक्सर, फ्रिज बंद. फ्रिज परत लावायला विसरता? गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर पडताना आठवणारच. आणि रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून मालाची पोती जिथे रचली आहेत तिथे बोलून बघा. पोती घुमणारा आवाज शोषून घेतात.

पायरी २: उजेड

फोनचा सेन्सर लहान असतो. उजेड कमी पडला की फोन चित्र ओढूनताणून उजळ करतो आणि त्यात दाणे दिसायला लागतात. मग आपल्याला वाटतं, कॅमेरा खराब आहे. कॅमेरा नाही हो, जागा चुकीची आहे. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. सकाळचा उजेड फुकट आहे, तो वापरा.

काहींच्या व्हिडिओत आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोनच्या व्हिडिओत 'प्रो' मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्ट्या जातात. नसेल तर दिवा बंद करून खिडकीपाशी या.

आणखी एक. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावू नका. फोन गोंधळतो आणि लालभडक मसाला विटकरी दिसतो. गिऱ्हाईक मसाल्याचा वास घेऊ शकत नाही, ते रंगच बघतं. तिथे चूक झाली की विक्री गेली.

पायरी ३: स्टँड आणि सेटिंग

स्टँड काही शे रुपयांत येतं. हात हलला की बघणारा पुढे सरकतो, म्हणून एवढा खर्च करा.

सेटिंग १०८०पी ठेवा. '४के'मध्ये चौपट ठिपके असतात, पण तुमचं गिऱ्हाईक हातातल्या फोनवर बघतं, त्याला फरक जाणवत नाही. फाइल मात्र फुगते. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं: १०८०पी, ३० फ्रेमला मिनिटाला सुमारे ६० एमबी आणि ४के, ३० फ्रेमला सुमारे १७० एमबी. फोन भरला की शूटिंग मध्येच थांबतं, आणि तेही नेमकं फोडणी देताना!

एडिटिंगसाठी भाच्याला व्हिडिओ पाठवता ना? व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि चित्र बिघडतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो.

पायरी ४: टाकायचा कुठे आणि कसा

यूट्यूब शॉर्ट्ससाठी फोन उभा धरा. १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण एका शॉर्टमध्ये एकच पदार्थ, एकच भाव. सविस्तर कृती दाखवायची तर फोन आडवा.

मागे सिनेमाचं गाणं लावू नका. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते. मग जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात किंवा व्हिडिओच अडतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, ते घ्या, आणि आवाज इतका बारीक ठेवा की तुमचा प्रत्येक शब्द वर राहील.

आणि भाव नेहमी पडद्यावर आकड्यात लिहा. वजन, भाव, कुरिअर धरून की सोडून, सगळं. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. त्यांच्यासाठी पडदाच तुमचं तोंड.

ताईंनी काय केलं?

माइक आणि स्टँड घेतलं. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत. उरलेल्या पैशांतून पाकिटं सील करायचं मशीन घेतलं, कारण गिऱ्हाइकांची खरी तक्रार तेल गळण्याची होती. व्ह्यूज एकदम वाढले का? नाही. पण "ताई, तीनशे की साडेतीनशे?" असा फोन परत आला नाही. धंद्यात मी याला नफाच म्हणतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या मालाचं एक वाक्य आणि भाव तीनदा रेकॉर्ड करा: फोन एका वितीवर, एका हातावर आणि चार हातांवर. इअरफोन लावून ऐका. मग घरातल्या अशा माणसाला ऐकवा, ज्याला तुमचा भाव माहीत नाही, आणि विचारा, "किती म्हणाले मी?" त्याने बरोबर सांगितलं, तरच पुढच्या खर्चाचा विचार करा.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत पंखा बंद, माइक चालू!