जळक्या रबराचा वास : गाडीचे दुखणे कसे ओळखावे?

एकदा आम्ही मोटारीने खोपोलीहून जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढत होतो. अर्ध्या वाटेवर जळक्या रबराचा उग्र वास येऊ लागला आणि पुढच्या बाजूने 'कुईंऽऽ' असा आवाज ऐकू आला. आठच दिवसांपूर्वी याच तक्रारीवरून एका मिस्त्रीने इंजिनाचा पट्टा बदलून दिला होता. मग नवा कोरा पट्टा इतक्यात का जळावा? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

हा वास कसला?

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक होते. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना असे आढळले, की रबर गंधकाबरोबर तापवले तर ते चिवट व टिकाऊ बनते. रबराचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. गंधकाचे अणू या दोऱ्यांमध्ये जणू पूल बांधतात. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. असे रबर प्रमाणाबाहेर तापले की पूल आणि दोरे तुटू लागतात व गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. अशा वायूंचा अत्यल्प अंशही आपल्या नाकाला कळतो. म्हणून पुष्कळदा धूर दिसण्यापूर्वीच वास येतो.

इतकी उष्णता येते कोठून?

इंजिनाच्या पुलीवरून निघालेला पट्टा आमच्या गाडीत पाण्याचा पंप आणि वीज निर्माण करणारे जनित्र फिरवतो. पट्टा पुलीला घट्ट धरून फिरला, तर फारशी उष्णता निर्माण होत नाही. पण एखादी पुली अडकली, की पट्टा तिच्यावरून घसरू लागतो.

समजा, इंजिनाच्या पुलीचा व्यास १५ सेंटिमीटर आहे आणि ती मिनिटाला १,५०० म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेते. तिचा परीघ सुमारे ०.४७ मीटर. म्हणून पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर. अडकलेल्या पुलीवर घर्षणबल १०० न्यूटन असेल, तर

शक्ती = बल × वेग = १०० × १२ = १,२०० वॅट.

म्हणजे घरातील विजेची इस्त्री पट्ट्याला लावून ठेवल्यासारखेच झाले! मग रबर जळेल नाही तर काय?

वास केव्हा येतो, ते पाहा

वास एकच वाटला तरी कारणे अनेक असतात. तो केव्हा आणि कोठून येतो, यावरून कारण ओळखता येते.

१. गाडी उभी असून इंजिन चालू असतानाही वास येतो व किंचाळल्यासारखा आवाज होतो : पट्टा घसरत असावा. तो सैल झाला असेल, त्यावर तेल सांडले असेल किंवा एखादी पुली अडकत असेल.

२. चढावर, क्लच अर्धवट दाबून गाडी चालवल्यावर वास येतो : हा वास रबराचा नसून क्लचच्या तबकडीवरील अस्तराचा असतो. क्लचवरचा पाय काढावा आणि तबकडी थंड होऊ द्यावी.

३. उतारावर किंवा एकाच चाकाजवळ वास येतो : ब्रेक तापले आहेत. हँडब्रेक ओढलेला राहिला नाही ना, ते पाहावे. १,००० किलोग्रॅमची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ५० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ही सारी ब्रेकवर सोपवू नये. खालचा गिअर टाकला की तिचा बराच भाग इंजिन पेलते.

४. वळणावर किंवा खड्ड्यात वास येतो : टायर मडगार्डला घासत असावा.

५. वास नाकात झोंबतो, प्लॅस्टिकसारखा वाटतो : विजेची तार तापली असावी. गाडी ताबडतोब थांबवून किल्ली बंद करावी आणि सर्वांनी दूर जाऊन उभे राहावे.

आमच्या गाडीचे काय झाले?

घाटात गाडी थांबवून आम्ही दुसऱ्या मिस्त्रीला बोलावले. इंजिन थंड झाल्यावर त्याने पट्टा उतरवला आणि एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. जनित्राची पुली सहज फिरली. पाण्याच्या पंपाची मात्र अडखळत होती. तिचे बेअरिंग झिजले होते. पहिल्या मिस्त्रीने जळलेली वस्तू बदलली, जाळणारी तशीच ठेवली! तसेच पुढे गेलो असतो तर पंप थांबला असता, पाण्याचे अभिसरण बंद पडले असते आणि इंजिन तापून निकामी झाले असते. पंप आणि पट्टा दोन्ही बदलल्यावर वास पुन्हा आला नाही.

ही तपासणी मोठ्यांनीच करावी. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात नेऊ नये. बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये.

करून पाहा

खोडरबर वहीच्या पुठ्ठ्यावर वीस वेळा जोराने घासा आणि लगेच मनगटाच्या आतील बाजूस लावा. आता तितक्याच वेळा, पण हळूहळू घासून पाहा. कोणत्या वेळी खोडरबर अधिक गरम लागले? का? वर दिलेल्या सूत्रावरून उत्तर शोधा.