ऊन जास्त म्हणजे वीज जास्त?

प्रश्न : तापमानवाढ खरी मानायची तर तिचा पुरावा काय? आमच्याकडे उन्हाळा आजोबांच्या काळीही कडकच होता. उलट एखाद्या वर्षी डिसेंबरात अशी थंडी पडते की शेकोटीपासून उठवत नाही. शिवाय पारा मोजायचा शहरात, तिथं सगळीकडे सिमेंटचे रस्ते, मग तो चढणारच. हे सगळं मनात असतानाच घरी गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघालाय. आमचा वापर महिन्याला सरासरी 250 युनिट. विक्रेता म्हणतो, ‘काका, पाच किलोवॉट टाकून घ्या, बिल झिरो, आणि पृथ्वीचंही भलं!’ विदर्भात ऊन भरपूर म्हणून वीजही भरपूर, हे मला पटतं. पण एका गच्चीनं पृथ्वीचं भलं कसं होणार?

ता. क. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. पॅनल धुवायला चालेल का?

— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : स्वतःला जाणवलेल्या उन्हाळ्याला तुम्ही पुरावा मानत नाही, हे उत्तम. मानूच नये. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे प्रत्येक पिढी म्हणत आली आहे. पण मग डिसेंबरातल्या थंडीलाही उलटा पुरावा मानता येत नाही. उत्तरेकडचे गार वारे आठ-दहा दिवस खाली उतरले की विदर्भ गारठतो, आणि त्याच आठवड्यात जगात दुसरीकडे कुठं तरी पारा सरासरीच्या बराच वर असतो. हिशेब सगळ्या पृथ्वीचा आणि अनेक वर्षांचा मांडावा लागतो. तो मांडला तर 2024 हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे 1.55 अंशांनी जास्त गरम निघालं. भारतातही 1901 पासूनच्या नोंदींमध्ये ते सर्वांत उष्ण ठरलं.

आता सिमेंटचे रस्ते. शहरं आजूबाजूच्या शिवारापेक्षा जास्त तापतात हे खरं आहे, आणि हवामानशास्त्रज्ञ नोंदी तपासताना ते लक्षात घेतात. पण तेही बाजूला ठेवू. पृथ्वीवर साठत चाललेल्या जादा उष्णतेपैकी जवळजवळ 90 टक्के हवेत राहिलेली नाही, ती समुद्रात गेली आहे. आणि समुद्रावर कोणी काँक्रीट ओतलेलं नाही. ‘आर्गो’ नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात सुमारे 4,000 स्वयंचलित नळकांडी जगभरच्या समुद्रांत सोडलेली आहेत. ती 2,000 मीटरपर्यंत खाली जातात, वर येताना पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजतात आणि पृष्ठभागावर आली की आकडे उपग्रहाकडे पाठवून पुन्हा बुडी मारतात. हिंदी महासागरातली काही हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या आपल्या संस्थेनं सोडली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं 2020 मध्ये भारताच्या हवामानबदलाचा सरकारी अहवाल निघाला. त्यानुसार हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातलं पृष्ठभागाचं पाणी 1951 ते 2015 या काळात सुमारे एक अंशानं तापलं.

तापलं हे कबूल, पण माणसामुळेच कशावरून? तुम्ही हे विचारलं नाहीत, तरी खरा वाद इथंच असतो. सूर्यच जास्त तापला असेल, असं पारावर हमखास कोणी तरी म्हणतं. म्हणणं वेडगळ नाही, तपासून पाहण्याजोगं आहे. सूर्याकडून येणारी ऊर्जा 1978 पासून उपग्रह मोजत आहेत. ती साधारण 11 वर्षांच्या चक्रात किंचित वरखाली होते, पण तापमानासारखी चढत गेलेली नाही. दुसरी तपासणी मला त्याहून देखणी वाटते. सूर्यामुळे तापत असतं तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापायला हवं होतं. कार्बन डायऑक्साइडमुळे तापत असेल, तर खालचा थर गरम व्हायला हवा आणि वरचा, म्हणजे विमानं उडतात त्याच्याही वरचा स्थितांबर, उलट गार व्हायला हवा. कारण खाली हा वायू जमिनीकडून निघालेली उष्णता अडवतो, तर वरच्या विरळ हवेत तोच उष्णता अवकाशात फेकायचं काम करतो. वायू जास्त, तर फेकाफेक जास्त. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 मध्ये गणितानं हे दाखवलं, तेव्हा तपासून पाहायला उपग्रह हाताशी नव्हते. ते पुढच्या दशकात आले, आणि आकडे तसेच निघाले : खाली गरम, वर गार. मानाबेंना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आधी सांगून मग तसंच घडणं याला विज्ञानात फार मान असतो, आणि मला तरी या साऱ्या प्रकरणात सर्वांत भक्कम पुरावा हाच वाटतो.

राहिला प्रश्न, हा जादा वायू आला कुठून? चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर 1958 च्या मार्चमध्ये तो मोजायला सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. आता 420 च्या वर गेला आहे. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यामुळे त्यातला किरणोत्सारी कार्बन-14 केव्हाच संपलेला असतो. अशा मृत कार्बनाची हवेतल्या कार्बनात भेसळ वाढत गेल्याचं मोजता येतं. जोडीला हवेतला ऑक्सिजन अगदी थोडा, पण सातत्यानं कमी होतो आहे. जळताना ऑक्सिजन खर्च होतोच. वायू ज्वालामुखीतून आला असता तर तो असा खर्च झाला नसता. (ऑक्सिजनची ही नाजूक मोजणी कीलिंग यांच्याच मुलानं, राल्फ यांनी सुरू केली. घराणं मोजणीचंच!)

गंमत अशी की त्याच 1958 च्या मार्चमध्ये अमेरिकेनं ‘व्हॅनगार्ड-1’ हा नारळाएवढा उपग्रह सोडला. सौरघट घेऊन अवकाशात गेलेला तो पहिला. त्यात दोन ट्रान्समीटर होते. बॅटरीवरचा जूनमध्येच गप्प झाला, सौरघटांवरचा 1964 पर्यंत बोलत राहिला. तुमच्या गच्चीवर येऊ घातलेली वस्तू त्याच वंशातली आहे.

आता तुमच्या ‘ऊन भरपूर, वीज भरपूर’कडे येऊ. अर्धं बरोबर आहे. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलवर लिहिलेले 540 वॉट हे पॅनल 25 अंशांवर असतानाचे. मे महिन्यात दर्यापूरला हवाच 44-45 अंश असते, मग काळी काच सहज 65 च्या पुढं जाते. हल्लीच्या पॅनलमध्ये दर अंशामागं साधारण 0.35 टक्के वीज घटते. म्हणजे ऐन दुपारी 14-15 टक्के गेली. 540 चं पॅनल तेव्हा 460 वर आलं तर विक्रेत्याशी भांडू नका, तो निसर्गनियम आहे. दक्षिणेकडं साधारण 20 अंश कलवलेल्या पॅनलला आपल्याकडं मार्च हा मे महिन्यापेक्षा बरा जातो, आणि जुलै-ऑगस्ट सर्वांत पडेल. यावर करता येण्यासारखं एवढंच, की पॅनल पत्र्याला चिकटवून बसवायचे नाहीत, खालून वारा खेळू द्यायचा. खालच्या खोलीचा स्लॅब कमी तापतो, हा वरचा फायदा.

सावलीकडं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. पॅनल एकामागोमाग एक साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे एकावर पडलेली टाकीची सावली साऱ्या साखळीचा प्रवाह अडवू शकते. पॅनलमधले डायोड थोडं सावरून घेतात, सगळं नाही. विक्रेता मे महिन्यात गच्ची बघून जातो, तेव्हा टाकीची सावली टाकीच्या पायाशीच असते. डिसेंबरात ती उत्तरेकडे लांब पसरते. म्हणून टाकी आणि जिन्याची खोली पॅनलच्या उत्तरेला राहील अशी मांडणी करून घ्या.

पाच किलोवॉट तुम्हाला कशाला हवेत, हे मला कळलेलं नाही. वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्याची वर्षाची बेरीज करा. 250 च्या हिशेबानं 3,000 युनिट होतात. एक किलोवॉट आपल्याकडे वर्षाला साधारण 1,400 युनिट देतो. म्हणजे तुमचं काम दोन किलोवॉटमध्ये होतं, 540 चे चार पॅनल. घरात एसी येणार असेल तर तीन घ्या. नेट मीटरवर जमा झालेली जादा युनिटं पुढच्या महिन्यात ओढली जातात, पण 31 मार्चला हिशेब संपतो आणि उरलेल्या युनिटांना वीज कंपनी देते तो दर तुम्ही भरता त्याच्या जवळपासही नसतो. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही एक किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा त्यापुढं कितीही घेतले तरी 78,000 रुपये. चौथ्या-पाचव्या किलोवॉटचे पैसे तुमच्याच खिशातले. ‘बिल झिरो’ हेही बोलायला ठीक; युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. आणि घरी आधी सांगून ठेवा : लाइन गेली की हे सोलरही भर दुपारी बंद पडतं. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. लाइन नसतानाही पंखा फिरायला हवा असेल तर बॅटरीवाली हायब्रिड यंत्रणा घ्यावी लागते. ती बरीच महाग पडते.

पृथ्वीचं भलं? आपल्या ग्रिडवर एका युनिटमागं सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुमचे 2,800 युनिट म्हणजे वर्षाला सुमारे दोन टन, एका भारतीयाच्या वाट्याला वर्षभरात येतं साधारण तेवढं. पॅनल बनवताना खर्ची पडलेली ऊर्जा आपल्या उन्हात दीड-दोन वर्षांत फिटते, आणि पॅनल पंचवीस वर्षं चालतं. पण जग वर्षाला 3,700 कोटी टनांच्या आसपास सोडतं. तुमच्या दोन टनांनी कुठलाच थर्मामीटर हलणार नाही. संध्याकाळी सातला तुमच्या घरात जो दिवा लागेल तोही पारस किंवा चंद्रपूरच्या कोळशावरच लागेल. दुपारी दिलेलं युनिट रात्री परत मिळतं ते फक्त कागदावर. तेव्हा सोलर घ्या ते बिलाच्या हिशेबावर. त्या हिशेबावर ते उभं राहतं, आणि दोन टन त्यासोबत वाचतातच. विक्रेत्यानं पुण्य विकायला काढलं, की मी मात्र कोटेशन दुसऱ्यांदा वाचतो.

ता. क.चं उत्तर : बोअरचं पाणी वापरू नका. तुम्ही खारपाण पट्ट्यात आहात. तिथलं पाणी काचेवर वाळलं की पांढरे डाग धरतात, ते पुसून जात नाहीत, आणि घासायला गेलात तर काचेवरचा परावर्तन कमी करणारा लेप खरवडला जातो. पावसाळाभर पाऊसच धुतो. बाकीच्या दिवसांत महिन्यातून दोनदा नळाच्या गोड्या पाण्याची बादली आणि मऊ वायपर पुरे. तेही पहाटे, काच गार असताना. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. आणि आरओच्या मशीनमधून बाजूला पडणारं पाणी वाया जातं म्हणून गच्चीवर नेऊ नका, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.