शंभरातले किती?

"डॉक्टर तर व्हायचं नाही, मग आरोग्याचं शिक्षण कशाला?" मी एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाणार म्हटल्यावर हा प्रश्न मला घरीदारी सगळ्यांनी विचारला. मित्रांनो, त्याचं उत्तर मी माझ्याच गावाच्या उदाहरणाने देतो.

माझं गाव उकवा, जिल्हा बालाघाट. इथे मॉयल कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो: चाल मंदावते, हात थरथरतात, आवाज बारीक होतो. ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी मँगनीज दळणाऱ्या कामगारांतला हा आजार 1837 सालीच नोंदवला होता. खाण कामगारांची ठरावीक काळाने तपासणी करण्याची कायदेशीर तरतूदही आहे.

आता एक काल्पनिक हिशेब मांडू. कुठल्याशा खाणीत वीस वर्षांपूर्वी 200 माणसं कामाला लागली. आज हजेरीपटावर त्यांतली 120 आहेत. तपासणीत सहा जणांना त्रास आढळला, म्हणजे शंभरात पाच. "फार काही नाही," असं कुणीही म्हणेल. पण उरलेले 80 कुठे गेले? ज्याचे हात थरथरू लागले, तो काम सोडून गावी जाऊन बसला. त्या 80 जणांना शोधून तपासलं आणि 24 जणांना त्रास निघाला, तर एकूण 200 पैकी 30 झाले. म्हणजे शंभरात पंधरा! आजार तोच, पण आकडा तिप्पट.

साथरोगशास्त्रात याला 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात. पटावर धडधाकट माणसंच उरतात, म्हणून पट खोटा नसूनही फसवतो. पण एवढ्यावर खाणीला दोष देऊन मोकळं होता येत नाही. वयानेही हात थरथरतात. म्हणून त्याच वयाची, खाणीत कधीच न गेलेली माणसंही तपासायची आणि मग तुलना करायची.

डॉक्टर समोर आलेला रोगी बघतो. न आलेल्याला कुणी मोजायचं, हे एमपीएचमध्ये शिकवतात. दोन वर्षांत साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, पर्यावरण व व्यवसायजन्य आरोग्य, आरोग्यव्यवस्था आणि समाजशास्त्र असे विषय असतात. भारतात या शिक्षणाची जुनी संस्था कोलकात्याची, 1932 सालची. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात एमपीएच 1997 मध्ये सुरू झालं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत डॉक्टर नसलेल्यांनाही हा अभ्यासक्रम करता येतो.

आपल्या वाङ्मय मंडळातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतोय. काम सोडून गेलेला माणूस रजिस्टरमध्ये सापडत नाही. त्याला टोल्याटोल्यांत जाऊन शोधावं लागतं. आमच्याकडे कुणी गोंडीत बोलतो, कुणी पोवारीत, कुणी मराठीत. "मुंग्या येतात", "हात ऐकत नाही", "अंगात जीव नाही" या तीन तक्रारी एकच की वेगवेगळ्या, हे ज्याला भाषेचा कान आहे त्यालाच नीट कळतं. प्रश्नावली त्यानेच लिहावी. चुकीच्या शब्दात विचारलं तर उत्तर "नाही" येतं, आणि त्या "नाही"चाच पुढे आकडा होतो.

तेव्हा यापुढे आरोग्याचा कुठलाही आकडा वाचाल, तर आधी विचारा: किती जणांपैकी? आणि मोजायचं कोण राहिलं?