सुचते कोठून?

निबंधाचा तास आला, की वर्गात एक विशिष्ट प्रकारची शांतता पसरते. फळ्यावर विषय लिहिलेला असतो, वह्या उघडलेल्या असतात, लेखण्याही हातात असतात. परंतु कागद मात्र कोराच राहतो. कोणी खिडकीबाहेर पाहतो, कोणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, आणि अखेरीस एखादा विद्यार्थी धीर करून म्हणतो, "गुरुजी, काही सुचत नाही." मी ३३ वर्षे मराठी शिकविले, एवढ्या काळात हे वाक्य किती वेळा ऐकले, याची गणना नाही. सुचणे म्हणजे तरी काय? ती मोजक्या भाग्यवंतांना लाभलेली देणगी आहे, की प्रयत्नाने कोणालाही साधण्यासारखी गोष्ट आहे? या प्रश्नाचा विचार करू लागलो, म्हणजे मला प्रथम आठवतो तो माझ्याच वर्गातील एक प्रसंग.

२०१३ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातील माण तालुका मुळातच कमी पावसाचा. त्यात त्या वर्षी भीषण दुष्काळ पडला होता. विहिरी आटल्या होत्या. गावोगाव टँकरने पाणी येत होते. गुरे जगविण्यासाठी चारा छावण्या उघडल्या होत्या आणि घरातील एक तरी माणूस गुरांबरोबर छावणीतच मुक्काम करून राहिले होते. अशा दिवसांत मी सातवीच्या वर्गाला निबंध लिहावयास सांगितला. विषय होता, 'माझे गाव'.

वह्या तपासताना एका मुलाच्या वहीपाशी मी थबकलो. त्याने लिहिले होते, "माझ्या गावाच्या कडेने झुळझुळ वाहणारी नदी आहे. तिच्या दोन्ही तीरांवर हिरवीगार वनराई आहे." मला त्याचे गाव चांगले ठाऊक होते. तेथे नदी नव्हती. एक ओढा होता आणि तोही कोरडा ठणठणीत. मी भर वर्गात त्याला विचारले, "अरे, तुझ्या गावात नदी कोठून आली?" सारा वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, निबंधातल्या गावाला नदी असतेच ना?"

वर्ग पुन्हा हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण ती नदी त्याने आणली नव्हती. ती मीच आणली होती. आदल्या वर्षी याच मुलांना मी एक नमुन्याचा निबंध उतरवून दिला होता, आणि त्यात झुळझुळणारी नदी, वनराई आणि सोनेरी किरणे हे सारे साहित्य यथास्थित भरलेले होते.

तास संपल्यावर मी त्या मुलाला जवळ बोलाविले. "तुझ्या स्वतःच्या गावाविषयी का लिहिले नाहीस?" असे विचारताच तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या गावात लिहिण्यासारखं काहीच नाही. दिवसभर टँकरची वाट बघायची. रात्री स्वप्नातसुद्धा पाणीच येतं."

"कसले स्वप्न?"

"विहीर काठोकाठ भरलेली असते. आई घागर बुडवते. पण वर ओढली की घागर रिकामी. ती पुन्हा बुडवते, पुन्हा रिकामी. मग मला जाग येते."

मी म्हणालो, "हेच लिही." त्याने माझ्याकडे अविश्वासाने पाहिले. मी त्याची पुन्हा थट्टा करीत आहे, असे त्याला वाटले असावे. तो हळूच म्हणाला, "हे निबंधात चालतं?"

मुलांनो, त्या मुलाचा हा प्रश्न आपण क्षणभर बाजूला ठेवू आणि थोर साहित्यिकांना काय चालले, ते पाहू.

१८८५ साली कलकत्त्याच्या ठाकूर घराण्यातील ज्ञानदानंदिनी देवी यांनी 'बालक' नावाचे मुलांचे मासिक सुरू केले. त्यांचे धाकटे दीर रवींद्रनाथ त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते. मासिकासाठी सातत्याने लेखन पुरविण्याचे काम बहुतांशी त्यांच्यावरच येऊन पडले. त्याच सुमारास ते देवघर येथे राजनारायण बसू यांच्या भेटीस गेले होते. परतताना रात्रीच्या गाडीत गर्दी होती आणि डब्यातील दिवा नेमका त्यांच्या डोळ्यांवर येत होता. झोप लागेना. तेव्हा त्यांनी विचार केला, की जागेच आहोत, तर 'बालक'साठी एखादी गोष्ट तरी रचावी. गोष्ट काही सुचली नाही. परंतु डोळा लागला, आणि त्या झोपेत त्यांना एक स्वप्न पडले.

एका देवळाच्या पायऱ्यांवर बळी दिलेल्या पशूचे रक्त सांडले आहे. एक लहान मुलगी ते पाहून व्याकुळ झाली आहे आणि आपल्या वडिलांना विचारीत आहे, की बाबा, हे काय, एवढे रक्त कशाचे? वडीलही मनातून हलले आहेत. पण वरवर रागाचा आव आणून ते तिला गप्प करू पाहत आहेत.

जागे होताच रवींद्रनाथांना वाटले, की आपल्याला हवी होती ती गोष्ट हीच. परंतु स्वप्नाने त्यांना दिले तरी किती? एक दृश्य, एक मुलगी आणि तिचा एक प्रश्न. एवढ्यावर कथा उभी राहत नाही. रवींद्रनाथांनी या स्वप्नाला त्रिपुराचा राजा गोविंदमाणिक्य याच्या इतिहासाची जोड दिली. मुलीच्या प्रश्नाने राजाचे मन पालटते आणि तो राज्यातील पशुबळी बंद करतो. देवळाचा पुजारी रघुपती त्याच्या विरुद्ध उभा राहतो. आणि दया व रूढी यांच्यात झगडा सुरू होतो. अशा रीतीने 'राजर्षी' ही कादंबरी 'बालक'मधून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. पुढे १८८७ साली तिचे पुस्तक झाले, आणि त्याच कथानकावरून १८९० साली रवींद्रनाथांनी 'विसर्जन' हे नाटक लिहिले. आगगाडीतील क्षणभराची डुलकी आणि पाच वर्षांचे परिश्रम, असा या साहित्याचा हिशेब आहे. स्वप्न हे बी आहे; मशागत मात्र जागेपणीच करावी लागते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. संत तुकारामांनी स्वतःच्या अभंगांतून सांगितले आहे, की नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन त्यांना जागे केले आणि कवित्व करण्याची आज्ञा दिली. हे वाचून कोणाला वाटेल, की एका रात्रीत तुकाराम कवी झाले! परंतु त्यांचेच आत्मनिवेदन पुढे वाचले, तर निराळे चित्र दिसते. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकारामांचा व्यापार बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून मरण पावली. एवढे दुःख पदरात घेऊन त्यांनी मन परमार्थाकडे वळविले. आरंभी आपण संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली, असे ते सांगतात. देहूजवळच्या डोंगरांवरील एकांतात त्यांनी चिंतन केले. अनुभव, वाचन आणि चिंतन यांनी भूमी तयार झाली होती. स्वप्नातील आज्ञा त्या भूमीवर पडली, म्हणून ती रुजली.

स्वप्न टिपून ठेवले नाही, तर ते हातचे निसटते, याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कोलरिज हा इंग्रज कवी सांगतो, की १७९७ साली आजारपणातील औषधाच्या गुंगीत, कुब्लाईखानाच्या राजवाड्याचे वर्णन वाचता वाचता त्याला झोप लागली आणि झोपेतच दोनतीनशे ओळींची कविता स्फुरली. जागा होताच तो ती भराभर उतरवू लागला. इतक्यात कोणी मनुष्य कामासाठी त्याला भेटावयास आला. तासाभराने कवी परत लेखनास बसला, तो उरलेली कविता मनातून जवळजवळ पुसून गेली होती! 'कुब्ला खान' ही ५४ ओळींची कविता अपूर्णच राहिली आणि १८१६ साली तशीच प्रसिद्ध झाली.

असे का व्हावे? १९५३ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की झोपेत ठरावीक काळाने बंद पापण्यांआड आपले डोळे जलद हलू लागतात. अशा वेळी झोपलेल्या माणसास जागे केले, तर तो बहुधा स्वप्न सांगू शकतो. थोडा वेळ जाऊ दिला, तर स्वप्नाची आठवण झपाट्याने विरून जाते. म्हणून ज्याला स्वप्न उपयोगी आणावयाचे आहे, त्याने उशाशी वही आणि पेन्सिल ठेवावी, आणि डोळे उघडताच, अंथरुणातून उठण्यापूर्वी, आठवेल तेवढे टिपून घ्यावे.

पण टिपलेले सारेच साहित्य होते, असे मात्र नाही. स्टीव्हन्सन या लेखकाला १८८५ साली एका भयंकर स्वप्नातून 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड' या कथेतील काही प्रसंग मिळाले. तो झोपेत ओरडू लागला, म्हणून पत्नीने त्याला जागे केले, तर चांगली भयकथा मोडली म्हणून तो तिच्यावरच रागावला! पुढे त्याने कथा लिहून काढली. पत्नीने तीतील उणीव दाखविली, तेव्हा त्याने तो सगळा खर्डा जाळून टाकला आणि कथा पुन्हा पहिल्यापासून लिहिली, असे त्याच्या सावत्र मुलाने सांगितले आहे. सुचलेले लिहिण्यास उत्साह लागतो. लिहिलेले पुसण्यास धैर्य लागते.

आणि ज्याला स्वप्नेच आठवत नाहीत, त्याने काय करावे? त्याने खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे स्मरण करावे. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. परंतु जात्यावर दळताना, चूल पेटविताना, शेतात राबताना त्या सहज ओव्या रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्या वेळोवेळी लिहून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाईंचे निधन झाले, आणि १९५२ साली त्या ओव्या ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. नांगर, पेरणी, सुगरणीचा खोपा, माहेरची वाट, हेच त्यांच्या कवितेचे विषय. ज्या वस्तू साऱ्या गावाला रोज दिसत होत्या, त्यांच्याकडे बहिणाबाईंनी मन लावून पाहिले, एवढाच काय तो फरक!

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. "हे निबंधात चालतं?" असे त्याने विचारले होते. मी त्याला सांगितले, "चालते. एवढेच नव्हे, तर हेच चालते. जे आपण पाहिले, सोसले, ज्याचे स्वप्न पडले, ते आपल्यावाचून दुसरा कोणी लिहू शकत नाही. माझ्या नमुन्यातील नदी विसरून जा."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन पाने लिहून आणली. त्यात टँकरची वेळ होती, त्यापूर्वीच रांगेत लावून ठेवलेल्या घागरी आणि हंडे होते. कोणाची घागर कोणती, हे तिच्या पोच्यांवरून कसे ओळखावे, याचे वर्णन होते. दोर ओढून घट्टे पडलेले आईचे हात होते. वडील बैलांबरोबर छावणीत गेल्यामुळे रिकामा पडलेला गोठा होता, आणि शेवटी ते स्वप्न होते. मध्येच एके ठिकाणी त्याने 'सोनेरी किरणांची उधळण' असे लिहिले होते. पण ते शब्द त्याने स्वतःच खोडून 'ऊन' एवढेच लिहिले होते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. परंतु असा निबंध मला त्यापूर्वी कोणत्याही वहीत वाचावयास मिळाला नव्हता.

त्याची अनुमती घेऊन मी तो वर्गात वाचून दाखविला. या वेळी कोणी हसले नाही. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मलाही असंच स्वप्न पडतं." मग आणखी दोघे उभे राहिले. आदल्या दिवशी मी भर वर्गात त्याची थट्टा केली होती. म्हणून भर वर्गातच मी त्याची क्षमा मागितली. त्यानंतर नमुन्याचा निबंध मी पुन्हा कधी उतरवून दिला नाही.

बालमित्रांनो, 'काही सुचत नाही' असे म्हणताना पुष्कळदा आपल्याला 'मला सुचलेले लिहिण्याच्या योग्यतेचे नाही' असेच म्हणावयाचे असते. ही भीती प्रथम टाकून द्या. डोळे उघडे ठेवून पाहा, भरपूर वाचा, सुचले की तत्काळ टिपून घ्या, आणि टिपलेले पुन्हा पुन्हा तपासा. तुमच्या गावाला नदी असेल, तर ती अवश्य लिहा. नसेल, तर कोरडा ओढा लिहा. तोही तुमच्याच लेखणीची वाट पाहत आहे.

अभ्यास

१. 'निबंधातल्या गावाला नदी असतेच ना?' असे मुलगा का म्हणाला? या उत्तरावर गुरुजींना हसू का आले नाही?

२. रवींद्रनाथांना स्वप्नातून काय मिळाले आणि त्यांनी त्यात स्वतःची कोणती भर घातली?

३. 'भूमी तयार झाली होती' हे वाक्य संत तुकारामांच्या बाबतीत स्पष्ट करा.

४. कोलरिज आणि स्टीव्हन्सन यांच्या उदाहरणांतून लेखनासंबंधी कोणते दोन निराळे धडे मिळतात?

५. मुलाने 'सोनेरी किरणांची उधळण' हे शब्द खोडून 'ऊन' असे का लिहिले असावे? तुमचे मत चारपाच वाक्यांत लिहा.

६. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : व्याकुळ, मशागत, काठोकाठ, एकांत, अनुमती.

७. एक आठवडाभर उशाशी वही ठेवून आठवतील ती स्वप्ने टिपा. त्यांपैकी एक निवडून त्यावर दहा ओळींची गोष्ट लिहा. स्वप्न आठवले नाही, तर घरातील रोजच्या वापराच्या एखाद्या वस्तूचे पाच मिनिटे निरीक्षण करून तिच्याविषयी लिहा.