मोटारीचे इंधन : पारख आणि हिशेब

गव्हाच्या व्यापारातील एक गोष्ट आपण सर्वच जाणतो. मऊ पोळीसाठी लोकवन घ्यावा, हुग्गी व शेवया यांकरिता खपली घ्यावी. खपलीचा भाव अधिक, म्हणून ती प्रत्येक कामास उत्तम, असे जाणते गिऱ्हाईक मानीत नाही. परंतु तेच गिऱ्हाईक मोटार घेऊन पंपावर गेले, की ‘महाग ते चांगले’ या समजुतीने जादा पैसे देते. म्हणून सभासद बंधुभगिनींच्या उपयोगासाठी या विषयाची थोडी फोड करीत आहे.

प्रथम ऑक्टेन अंकाचा अर्थ पाहू. पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि ठिणगीने पेटविले जाते. इंधन त्या दाबास पुरे पडणारे नसेल, तर मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप भडकतो. इंजिनातून खटखट ऐकू येते आणि हे दीर्घकाळ चालल्यास दट्ट्यास इजा पोहोचते. असे अवेळी भडकणे टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. तो अंक शक्तीचा नव्हे, सहनशीलतेचा आहे. ९१ अंकावर चालण्यासाठी बनविलेल्या इंजिनास १०० अंकाचे पेट्रोल पाजून विशेष लाभ होत नाही. उलट निर्मात्याने ९५ अंक सांगितला असता त्याहून हलके इंधन भरणे ही काटकसर नव्हे.

आता हिशेब मांडू. सोयीसाठी साधे पेट्रोल १०० रुपये लिटर व उंची पेट्रोल ११० रुपये धरू. साध्यावर मोटार लिटरमागे १५ किलोमीटर जात असेल, तर उंची पेट्रोलवर ती १६.५ किलोमीटर गेली पाहिजे. तेव्हा कोठे बरोबरी होईल. चार वेळा टाकी पूर्ण भरून आपल्याच वहीत नोंद ठेवावी. वही खोटे बोलत नाही.

साध्या पेट्रोलमध्येही बदल झाला आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. हे इथेनॉल उसाचा रस, मळी, मका व तुकडा तांदूळ यांपासून होते. म्हणजे आपल्या पेठेतील मालाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उच्च आहे, परंतु लिटरमागे त्यातील उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी. त्यामुळे लिटरमागील अंतर थोडे घटते. शिवाय इथेनॉल ओलावा शोषून घेते. म्हणून पावसाळ्यात महिनोन्महिने मोटार उभी ठेवू नये. एप्रिल २०२३ पूर्वीची मोटार असल्यास तिच्या रबरी नळ्या व जोड यांविषयी निर्मात्याची पुस्तिका पाहावी, अथवा अधिकृत कारखान्यात विचारावे.

डिझेलचा विचार निराळा. एप्रिल २०२० पासून आलेल्या नव्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यास काही वेळ सलग, वेगाने मोटार चालवावी लागते. घर ते दुकान एवढीच दोन-तीन किलोमीटरांची फेरी असणाऱ्याने डिझेल घेतल्यास गाळणी तुंबते व दुरुस्तीत बचत बुडते. नित्य लांबचा प्रवास असणाऱ्यास मात्र डिझेल परवडते. दाबयुक्त नैसर्गिक वायू किलोवर मिळतो व प्रतिकिलोमीटर खर्च बहुधा कमी पडतो. पण टाकी सामानाची जागा अडविते आणि ठरावीक मुदतीने तिची दाबचाचणी करून घ्यावी लागते. ती चुकविणे म्हणजे कुटुंबाचा जीव धोक्यात घालणे होय.

शेवटी एक सावधगिरी. डिझेल मोटारीत चुकून पेट्रोल पडल्यास किल्लीही फिरवू नये. डिझेल हे पंपास वंगणाचेही काम देते. पेट्रोल ते देत नाही आणि महागडा पंप झिजून जातो. मोटार ढकलून बाजूस घ्यावी व टाकी रिकामी करवावी. भरण्यापूर्वीच इंधनाचे नाव स्पष्ट सांगण्याची सवय घरातील तरुणांनाही लावावी.

सारांश, पुस्तिकेत जे सांगितले तेच इंधन भरावे, आपल्या फेऱ्या मोजाव्यात आणि खर्च लिटरवर न काढता किलोमीटरवर काढावा. मालाची पारख करणाऱ्या हातांस हे अवघड नाही.