सर्टिफिकेटमधले नाव कसे वाचावे?

प्रश्न : सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये सॉफ्टवेअरचे काम करतो. ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदारांच्या डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटमधून नाव, राज्य वगैरे माहिती ओपनएसएसएल वापरून सी भाषेत काढायची आहे. इंग्रजी नावे नीट येतात. चाचणीसाठी देवनागरी नाव घातले, तर बॅकस्लॅश आणि ‘ई० ए४’ असले तुकडे दिसतात. एका सर्टिफिकेटच्या बाबतीत तर नावाची जागा रिकामीच आली. असे का? — एक वाचक, कोलकाता

उत्तर : नाव सर्टिफिकेटमध्ये शाबूत आहे, फक्त तुम्ही ते सी भाषेची साधी स्ट्रिंग समजून वाचता आहात. एक्स.५०९ या १९८८ सालच्या मानकानुसार नाव म्हणजे सुट्या घटकांची रांग असते. प्रत्येक घटकाला तीन गोष्टी चिकटलेल्या असतात : तो कशाचा आहे ते सांगणारा क्रमांक (व्यक्तीच्या नावाला २.५.४.३, राज्याला २.५.४.८), मजकुराचा प्रकार आणि बाइट्समधली लांबी.

‘एक्स५०९ नेम वनलाइन’ हे जुने फंक्शन सगळे घटक एका ओळीत कोंबते आणि साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचा प्रत्येक बाइट सोळा-अंकी पद्धतीत छापते. तुमचे ‘ई० ए४’ तिथून आले. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘श्रीनिवास’ आपल्याला चार अक्षरांचे दिसते, पण युनिकोडच्या हिशेबाने त्यात नऊ चिन्हे आणि सत्तावीस बाइट आहेत.

रिकाम्या जागेचे कारण बहुधा असे : मजकूर ‘बीएमपी स्ट्रिंग’ प्रकारचा असेल, तर प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात आणि इंग्रजी अक्षराचा पहिला बाइट शून्य असतो. ‘गेट टेक्स्ट बाय एनआयडी’ हे फंक्शन बाइट जसेच्या तसे उतरवते आणि प्रिंटएफ पहिल्याच शून्यापाशी थांबतो.

याच फंक्शनमध्ये आणखी एक खोच आहे. नावाची मर्यादा ६४ चिन्हांची, म्हणून बरेच जण ६५ बाइटांचा बफर घेतात. लांब देवनागरी नाव त्यात २१ चिन्हांनंतर, बाविसाव्याचा एकच बाइट घेऊन तुटते.

मग वाचायचे कसे? सर्टिफिकेटमधून सब्जेक्ट, म्हणजे धारकाच्या नावाचा भाग, घ्या. ‘गेट इंडेक्स बाय एनआयडी’ला सुरुवातीला उणे एक देऊन घटकाची जागा शोधा, तिथली एंट्री उचला, तिचा डेटा ‘एएसएन१ स्ट्रिंग टू यूटीएफ८’कडे सोपवा. प्रकार कोणताही असो, हाती यूटीएफ-८ आणि लांबी येते. मिळालेली मेमरी ओपनएसएसएलच्याच फ्री फंक्शनने सोडा. विभागाचे नाव एकाच सर्टिफिकेटमध्ये दोनदाही असू शकते, म्हणून मिळालेली जागा पुन्हा देत उणे एक येईपर्यंत शोध चालू ठेवा.

लांबी आणि स्ट्रलेनचे उत्तर जुळले नाही, तर ते सर्टिफिकेट नाकारा. २००९ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कामिन्स्की यांनी नावात मध्येच शून्य बाइट असण्याचा धोका दाखवला. बँकेचे डोमेन, मग शून्य बाइट, मग स्वतःचे डोमेन असे नाव सर्टिफिकेटमध्ये घालता येते. देणारी संस्था शेवटचे डोमेन पाहून सर्टिफिकेट देते, ब्राउझर मात्र शून्यापर्यंत वाचून बँकच समजतो.

भारतीय सर्टिफिकेटांत आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. व्यक्तिगत सर्टिफिकेटात संस्थेच्या जागी ‘पर्सनल’ दिसले, तर ती कंपनी नव्हे. सब्जेक्टमधला ‘सीरियल नंबर’ हा सर्टिफिकेटचा अनुक्रमांक नसून, आपल्या प्रमाणन नियंत्रकाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार धारकाच्या पॅनवरून काढलेला हॅश असतो. दोन्हींसाठी ओपनएसएसएलमध्ये वेगळी फंक्शने आहेत. एकाच नावाचे दोन ठेकेदार वेगळे ओळखायला हा हॅश कामी येतो. शहराच्या नावावर मात्र विसंबू नका : २००१ पासून शहर अधिकृतपणे कोलकाता झाले, तरी उच्च न्यायालयाच्या नावात कलकत्ता आहेच, आणि लोक दोन्ही लिहितात. पिनकोड मिळाला तर तो बरा.

नाव अचूक वाचले म्हणजे ते खरे ठरत नाही. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे उघड झाले. त्यांवरची नावे वाचायला कुठेच अडचण नव्हती. नियंत्रकाने एनआयसीची मध्यवर्ती सर्टिफिकेटे रद्द केली, आणि क्रोमने भारतीय मूळ सर्टिफिकेटावरचा विश्वास ‘गव्ह डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’ अशा मोजक्या डोमेनांपुरता ठेवला. तेव्हा प्रोग्रॅममध्ये आधी सह्यांची साखळी आणि रद्द यादी तपासा, नाव त्यानंतर वाचा.