पत्ता चुकलेला राग

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी फुकट ट्रायल म्हणून कार्डाचा नंबर घेतला, महिना संपताच पैसे कापले, आणि बंद करायचं बटण काही सापडेना. आधी त्यांनीच मला लुटलं, मग मी होस्टेलवरच्या पेनड्राइव्हमधून क्रॅक केलेली कॉपी टाकली तर बिघडलं कुठे?" तेव्हा घाईत होते. आज सविस्तर बोलू.

पहिली गोष्ट, तुझा राग रास्त आहे. असं फसवलं जाणं हा तुझा बावळटपणा नाही. जून 2024 मध्ये अमेरिकन सरकारनं अडोबीवर दावा लावला, तो वर्षाची योजना मध्येच सोडणाऱ्याला द्यावा लागणारा दंड ग्राहकापासून लपवल्याच्या आरोपावरून. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणं ही त्यातलीच एक. अॅमेझॉन प्राइमनं जून 2025 पासून पैसे भरलेल्या प्रेक्षकांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी 699 रुपये मागितले. तेव्हा मलाही तुझ्याइतकीच चीड आली होती.

पण रागाचा पत्ता बरोबर हवा. आपल्या लोणीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून निघालेल्या टँकरमधलं इंधन चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. पेट्रोल महाग आहे म्हणून गावात कुणी त्या टोळ्यांची बाजू घेत नाही. तू म्हणशील, टँकर रिकामा होतो, फाइल मात्र कॉपी करूनही जागच्या जागी राहते. खरं आहे, हा फरक मी नाकारत नाही. पण नुकसान दिसत नाही म्हणून ते होत नाही असं नाही. ते कुणाच्या अंगावर पडतं हे शोधावं लागतं, एवढंच.

आपल्या मराठी सिनेमाचंच बघ. 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. थिएटरबाहेर रांगा असतानाच त्याची चोरटी कॉपी मोबाइलवरून फिरू लागली. तरी त्यानं शंभर कोटींच्या घरात धंदा केला, आणि तेव्हापासून लोक मला हेच उदाहरण देतात, की पायरसीनं काय बिघडलं? अगं, सैराट दहा-वीस वर्षांत एखादा होतो. बाकीच्या मराठी सिनेमांना मल्टिप्लेक्समध्ये दुपारचे आडवेळेचे शो मिळतात. लोणीतल्या माणसानं कामावरून सुटून हडपसर गाठेपर्यंत त्या दिवसाचा शो झालेला असतो, आणि पुढच्या शुक्रवारी सिनेमाच उतरलेला असतो. हा अन्याय इतका उघड होता की 2015 मध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्या म्हणून राज्य सरकारला मध्ये पडावं लागलं, आणि त्यावरही केवढा वाद झाला.

आता अशा माणसानं टेलिग्रामवरून तो सिनेमा उतरवला, तर झळ कुणाला बसली? मल्टिप्लेक्सला नाही. त्यांच्या पडद्यावर दुसरा मोठा हिंदी सिनेमा लागतो, पॉपकॉर्नही खपतं. झळ बसते घर गहाण टाकून सिनेमा काढणाऱ्याला. रिकाम्या खुर्च्या दाखवून मल्टिप्लेक्सवाले त्याचे उरलेले शोही काढून घेतात, आणि पुढच्या मराठी सिनेमाला आणखी कमी देतात. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यालाच आपण वरून दुसरा फटका देतो. मला सगळ्यात जास्त हे सलतं.

आणि तू तर शिकतेस कुठे? राजबागेत! एकेकाळी राज कपूर यांची जमीन ती. 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चं चित्रीकरण तिथलं. 1970 मध्ये 'मेरा नाम जोकर' पडला तेव्हा हा एवढा मोठा माणूस कर्जात बुडाला होता. 1973 च्या 'बॉबी'नं त्याला वर काढलं, ते तिकीट काढून आलेल्या लोकांच्या पैशावर. उद्या तुझ्या बॅचमधलं कुणीतरी कर्ज काढून पहिला सिनेमा करेल. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ.

सॉफ्टवेअरचं गणित वेगळं आहे, तेही प्रामाणिकपणे सांगते. तुझ्या एका क्रॅकनं त्या बलाढ्य कंपनीचं फारसं काही जात नाही. उलट तिचा फायदाच होतो, कारण तुझा हात तिच्याच साधनांवर बसतो आणि नोकरीला लागलीस की तू तेच मागतेस. मार खातं ते फुकट किंवा स्वस्त दुसरं सॉफ्टवेअर, ज्याला तुझ्यासारखे वापरणारे हवे असतात. कंपनीला धडा शिकवतेय असं तुला वाटतं, आणि तिची मक्तेदारी मात्र तुझ्याच हातून पक्की होते.

कायद्याचंही जाणून ठेव. प्रताधिकार कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे चोरटं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद न देता 50 हजारांपर्यंतच्या दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. पण तू तर लग्नपत्रिका, लोगो असली बाहेरची कामं घेतेस, म्हणजे ती पळवाट तुला नाही. शिवाय क्रॅकसोबत पासवर्ड चोरणारे व्हायरस येतात ते वेगळंच.

एका ठिकाणी मात्र मी ठामपणे तुझ्या बाजूची आहे. संशोधनाचे लेख. लिहिणाऱ्याला पैसे नाहीत, तपासणाऱ्याला सहसा नाहीत, संशोधनाचा खर्च बऱ्याचदा सरकारचा, आणि वाचायला मात्र हजारो रुपये. सरकारनं 1 जानेवारी 2025 पासून 'एक देश, एक सदस्यता' सुरू केली, तीन वर्षांसाठी 6000 कोटींची. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांचा, तुझं खासगी विद्यापीठ त्यात नाही. ही चीड मला मान्य. त्यावर उपाय म्हणजे लेखकालाच ईमेल करून प्रत माग, बहुतेक जण आनंदानं पाठवतात.

दिल्लीतल्या रामेश्वरी झेरॉक्सच्या खटल्याची गोष्ट मुद्दाम वाच. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी 2012 मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या या झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला. विद्यार्थ्यांनी संघटना बांधली, खटल्यात उतरले. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिकवण्यासाठी काढलेल्या झेरॉक्सना कायद्याचा आधार आहे असं सांगितलं, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. त्या मुलांनी आपल्या नावानिशी, उघडपणे भांडून ते मिळवलं. लपून घेतलेल्या कॉपीनं आजवर एकही नियम बदललेला नाही.

आणि फुकटचं इतकं आहे गं! 2025 चं ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा अॅनिमेशनपट ब्लेंडरवर बनला, ते कुणालाही मोफत आहे. व्हिडिओ एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घे, चित्रांना क्रिता. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' फॉन्ट आहे, तोही मुक्त परवान्याचा. वाचायला साने गुरुजी आहेत, त्यांच्या लेखनावरचा प्रताधिकार कधीच संपला. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारी नव्या कादंबरीची पीडीएफ मात्र उघडू नकोस. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपास प्रतींची, त्यात लेखकाच्या हाती किती येत असेल?

तेव्हा असं कर. आज रात्रीच बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्डावरचा तो ऑटो-पे बंद कर. पैसे कापल्याचा मेसेज आणि बंद करायचं बटण न सापडणाऱ्या त्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेव. उद्या 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदव. तरीही कंपनीनं ऐकलं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन घरी ये. तक्रारीचा मसुदा आपण दोघी मिळून लिहू, आणि त्याआधी ते क्रॅक काढून टाक.